गोठलेलं झाड आणि हातोडी: मेपलच्या सुटलेल्या तोट्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या उत्तर भागातलं. डोंगराच्या पूर्व उतारावर मेपलची जुनी राई, तिच्या पायथ्याशी घर, घरामागे पत्र्याची शेड. हे सगळं विकत घेणारे गृहस्थ मूळचे करवीर तालुक्यातले. वडिलांचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे लहानपण चुलवाणाच्या धगीजवळ गेलेलं. त्यांचा भाचा तेव्हा बर्लिंग्टनला शिकत होता आणि शनिवार-रविवार राबायला यायचा. खरी नावं द्यायची नाहीत, म्हणून इथे मामा आणि भाचा एवढंच म्हणतो. तिसरे पलीकडच्या शेतावरचे आजोबा. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या मेपलचा पाक निघतो आहे. चौथा मी. माझ्याकडे वही होती: रोजचं तापमान, किती रस आला, किती पाक झाला. त्या वहीच्या आधारावरच हे लिहितो आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शुगर मेपलच्या खोडाला ८ मिलिमीटर रुंद (तिकडच्या मापात इंचाचा पाच-सोळांश) आणि ४ ते ५ सेंटीमीटर खोल भोक पाडतात. त्यात प्लास्टिकची निमुळती तोटी हलक्या हाताने ठोकून बसवतात. तोटीला नळी जोडली तर रस उतारावरून थेट टाकीत जातो, नाहीतर तोटीलाच बादली लटकवतात. रस दिसतो पाण्यासारखा आणि लागतोही जवळजवळ तसाच, कारण त्यात साखर असते साधारण २ टक्के. एक लिटर पाक करायला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. आपल्याकडच्या उसाच्या रसाची सवय असलेल्या माणसाला ही थट्टाच वाटते. पहिल्या वर्षी रस चाखून मामा म्हणाले होते, "हा रस कसला, काहील धुतल्यावरचं पाणी आहे हे."

हा रस वाहतो तो थंडीच्या झोक्यावर. मेपलच्या लाकडातले तंतू पाण्याने नव्हे तर हवेने भरलेले असतात. रात्री पारा शून्याखाली उतरला की ही हवा आकसते, तंतूंच्या आत बर्फ धरतो आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, दबलेली हवा फुगते आणि रसावर दाब येतो. खोडाला भोक असेल तर रस तिथून बाहेर पडतो. रात्री उणे चार-पाच आणि दिवसा अधिक चार-पाच अंश हे उत्तम हवामान. असे दिवस चार ते सहा आठवड्यांत जेवढे मिळतील तेवढाच हंगाम.

कोकणात किंवा गोव्यात माडीसाठी माड छेवतात तेव्हा पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कापतात, खोडाला हात लावत नाहीत. इथे भोक खोडाच्या लाकडातच. ते लाकूड गोठतं आणि सुटतं, आणि प्रत्येक वेळी तोटीच्या बुडाशी काहीतरी हलतं.

त्या वर्षी मामांनी ११८ तोट्या लावल्या. ७६ नळ्यांवर, ४२ बादल्यांवर. नळ्या आधीच्या मालकाने सोडलेल्या, जुन्या. पंप नव्हता, सगळं उताराच्या जोरावर.

पहिला निर्णय: तोट्या कधी लावायच्या

व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावच्या वार्षिक सभा भरतात, आणि तोट्या त्या सुमाराला लावायच्या असा जुना रिवाज आहे. आजोबा तोच पाळतात. पण फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हवामानखात्याने चार-पाच दिवस सहा-सात अंश ऊब सांगितली. आदल्या वर्षी अशीच ऊब मामांच्या हातून निसटली होती.

आजोबांचं म्हणणं होतं की भोक पाडलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. हे खरंच आहे. भोकात जिवाणू वाढतात, झाड आतून जखम बंद करत आणतं आणि काही आठवड्यांनी रस मंदावतो. लवकर लावलेली तोटी एप्रिलमध्ये लवकर थांबते. मामांचा हिशोब असा, की आज हातात असलेले चार दिवस एप्रिलमधल्या न दिसणाऱ्या चार दिवसांपेक्षा बरे.

दोघांचंही चुकलं नव्हतं. मी मामांच्या बाजूने होतो, आणि वही पाहिली तर आजही तसाच असेन. पण निर्णय योग्य असला तरी तो अमलात कसा आणला, ही वेगळी गोष्ट. शनिवारी दुपारपर्यंत ऊन होतं, लाकूड मऊ होतं, काम छान झालं. रविवारी उरलेल्या तोट्या उरकायच्याच म्हणून अंधार पडेपर्यंत ड्रिल चाललं. शेवटच्या तीसेक तोट्या डोक्याला दिवा बांधून लावल्या. पारा तेव्हा शून्याखाली गेला होता. ड्रिलचं बिट आदल्या वर्षीचंच, धार गेलेलं. हे सगळं त्या वेळी कुणाच्या मनात खटकलं नाही. तोट्या लागल्या, चहा झाला, झोपलो.

अडचण

पुढचे चार दिवस रस धो धो आला. हजार लिटरच्या आसपास, त्यातून २४ लिटर पाक. मामा तीन रात्री शेडमधून हलले नाहीत. वाफेत उभं राहून ते भाच्याला गुऱ्हाळाच्या गोष्टी सांगत होते, आणि खरं सांगायचं तर त्या वाफेत राईकडे लक्ष द्यायची कुणाला शुद्ध नव्हती.

गुरुवारी रात्री वारं उत्तरेकडून फिरलं आणि पारा उणे २२ वर गेला. दिवसाही उणे ९ च्या वर येईना. टाकी भरलेली होती, म्हणून गुरुवारी संध्याकाळी बादल्या रिकाम्या केल्या नव्हत्या.

शनिवारी सकाळी भाचा राईतून धावतच आला.

"मामा, तोट्या बाहेर आल्यात."

"बाहेर म्हणजे? पडल्यात?"

"काही पडल्यात. बाकीच्या अर्धवट सरकल्यात. तुम्ही चला, बघा."

नंतर मी सगळी राई फिरून मोजलं. ११८ पैकी ३१ तोट्या जागेवरून हलल्या होत्या. ७ पूर्ण निघालेल्या, त्यातल्या पाचांच्या बादल्या खाली बर्फात पडलेल्या. २४ तोट्या तीन ते दहा मिलिमीटर बाहेर सरकलेल्या. काहींच्या तोंडाऐवजी बुडाशी, सालीला चिकटून बर्फाच्या काड्या लोंबत होत्या. रस तोटीतून न येता तोटीच्या भोवतीने झिरपला होता, त्याची ती खूण.

दुसरा निर्णय: लगेच ठोकायचं की थांबायचं

या प्रकरणातला कळीचा क्षण हाच, आणि तो दहा मिनिटांत हातातून गेला.

मामांनी शेडमधून हातोडी घेतली. साधी, लोखंडी, सुताराची. "आत्ता ठोकून घेऊ. ऊन आलं की रस सुटणार, तोवर सगळ्या जागेवर हव्यात." ऐकायला यात काहीच वावगं नव्हतं. सैल झालेली खुंटी आपण ठोकतोच. त्यांनी पहिल्या दोन-तीन ठोकल्या, आणि भाचा म्हणाला, "मामा, आवाज वेगळा येतोय."

येतच होता. मऊ लाकडात तोटी बसताना आधी टक-टक असा पोकळ आवाज येतो आणि ती बसली की ठप असा भरीव होतो. तो भरीव आवाज आला की हात थांबवायचा, हे या कामातलं पहिलं शिक्षण. त्या सकाळी पहिल्या घावापासून दगडावर मारल्यासारखा टणक आवाज येत होता. बदलायला तो पोकळ कधी नव्हताच. मामांनी थांबण्याऐवजी जोर वाढवला.

अकराव्या की बाराव्या झाडाला कडकन आवाज आला. तोटीच्या वर आणि खाली सालीत उभी बारीक रेघ उमटली. तरीही आणखी एक तोटी ठोकली गेली. मी तिथेच वही घेऊन उभा होतो. आकडे लिहीत होतो, बोललो काहीच नाही. भाच्याने शेवटी मामांच्या हातातली हातोडी धरली. तोवर १३ तोट्या ठोकून झाल्या होत्या.

गाडी काढून आम्ही आजोबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: झाड गोठलेलं असताना रस येतो का? नाही. मग घाई कशाची होती?

तोट्या का सुटल्या

आजोबा दुपारी राईत आले. त्यांनी तोटी उपटून पाहिली, भोकात काडी घातली, नळ्या हाताने ओढून पाहिल्या. दोन तासांत चार कारणं हाती आली. थंडी सगळ्या झाडांना सारखीच लागली होती, पण ८७ तोट्या जागेवरच होत्या. त्यामुळे नुसतं थंडीवर खापर फोडून भागणार नव्हतं.

पहिलं कारण भोकाच्या उतारात होतं. भोक आतून बाहेर किंचित उतरतं हवं, म्हणजे ड्रिल थोडं वरच्या दिशेने धरायचं, मग रस आत साचून राहत नाही. अंधारात पाडलेली भोकं सपाट होती, दोन-तीन तर आतल्या बाजूला खाली उतरलेली. त्यांत रस डबक्यासारखा साचला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. भोकाच्या तीन बाजूंना घट्ट लाकूड, चौथ्या बाजूला प्लास्टिकची तोटी. बर्फाला जायला एकच वाट होती.

दुसरं, भोकाचा आकार. बोथट बिट लाकूड कापत नाही, कुरतडतं. त्यात हात थकलेला, ड्रिल डगमगणारं. मग भोक गोल न राहता लांबट होतं, आणि तोटी दोनच बाजूंनी टेकते. थंडीत प्लास्टिक लाकडापेक्षा जास्त आकसतं. ८ मिलिमीटरच्या तोटीत तो फरक मिलिमीटरच्या शतांशात मोजावा लागतो, आणि गोल भोकात तो पचतोही. लांबट भोकात मुळात पकडच दोन रेषांवर असते, तिथे तेवढंही पुरतं. शिवाय खोडही कडाक्याच्या थंडीत किंचित बारीक होतं. पेशींमधलं पाणी बाहेर पडून बर्फ होतं आणि लाकूड आवळतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत रंजक वाटलं, कारण ते झाडाच्या जवळपासही नव्हतं. नळ्यांवरच्या हललेल्या १७ तोट्यांपैकी ११ एकाच ओळीवर होत्या. ती ओळ दोन झाडांना ताणून बांधलेली, सुमारे ३० मीटर लांब. या नळ्या पॉलिथिलीनच्या असतात आणि तापमान २५ अंशांनी उतरलं की इतक्या लांबीची नळी दहा-पंधरा सेंटीमीटर आखडते. तोटीपासून आडव्या नळीपर्यंत जी छोटी नळी उतरते तिला सैल झोळ असेल तर काही बिघडत नाही. जुन्या मालकाने त्या छोट्या नळ्या दरवर्षी टोक कापून पुन्हा वापरल्या होत्या. कापता कापता त्या ४० सेंटीमीटरवर आल्या होत्या. ऊब असताना त्या ठीक दिसत. थंडीत आख्खी ओळ ताठ झाली आणि तिने अकरा तोट्या एकदम ओढल्या. आजोबांनी ती ओळ बोटाने छेडून दाखवली, तंबोऱ्याच्या तारेसारखी वाजली.

चौथं कारण बादल्यांचं. बादलीत साडेसात लिटर मावतात. गोठली की सात किलोचा गोळा, आणि तो तोटीच्या बाहेरच्या टोकाला लटकलेला. आतून बर्फ ढकलतो, बाहेरून बादली खाली ओढते. बादल्यांवरच्या हललेल्या १४ तोट्यांपैकी १० जणींच्या बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

आणि हातोडीचं? तोटी निमुळती असते, म्हणजे ती पाचरच. मऊ, ओल्या लाकडात पाचर शिरते तेव्हा तंतू थोडे दबतात आणि तिला घट्ट धरतात. गोठलेल्या लाकडात ओलाव्याचा बर्फ झालेला असतो, तंतू दबत नाहीत, फाटतात. त्यात भोकाच्या आत बर्फाचं बूच असतं, म्हणजे तोटीला पुढे जायला जागाच नाही. सगळा जोर बाजूंना जातो. लाकूड फोडायचं असेल तर माणूस अगदी हेच करतो.

समोरचे पर्याय

शनिवारी दुपारी शेडमध्ये बसून जे बोलणं झालं त्यात पाच-सहा मार्ग निघाले. त्यातले दोन तिथल्या तिथे बाद झाले. भाच्याने सुचवलं की तोट्या पट्टीने खोडाला आवळून बांधाव्यात. बांधता येतील, पण बर्फ ढकलायचा थांबणार नाही. तोटी जागेवर दिसेल आणि भोक आतून सैल होईल. म्हणजे अडचण तशीच राहील, फक्त डोळ्यांआड होईल. कुणीतरी (बहुधा मीच) सिलिकॉनचं नाव काढलं. खाण्याच्या रसात आणि जिवंत झाडाच्या जखमेत ते कुणाला नको होतं.

आजोबांनी त्यांच्याकडच्या जुन्या लोखंडी तोट्या देऊ केल्या, इंचाच्या सात-सोळांश मापाच्या, म्हणजे ११ मिलिमीटर. त्या जाड, जड, आणि त्यांची पकड चांगली हे कबूल. पण त्यासाठी तीच भोकं मोठी करावी लागणार. मोठी जखम भरायला झाडाला जास्त काळ लागतो, म्हणून तर हा धंदा लहान तोट्यांकडे वळला. इथे मामांनी नम्रपणे नकार दिला, आणि तो बरोबर होता असं मला वाटतं. आजोबांना तो फारसा रुचला नाही.

मग खरे दोन मार्ग उरले. एक, सुटलेल्या तोट्या सोडून लगेच दुसरीकडे नवी भोकं पाडायची. दुसरा, काहीही न करता ऊब येईपर्यंत थांबायचं. पहिल्याच्या बाजूने एकच मुद्दा होता, हाताला काम मिळतं. विरुद्ध बाजू भारी होती. गोठलेल्या लाकडात भोक पाडणं म्हणजे तीच चूक पुन्हा. शिवाय प्रत्येक भोकाच्या वर-खाली लाकडाचा उभा पट्टा काळपट पडतो आणि पुढे कायम रस वाहून नेत नाही. तो पट्टा भोकापेक्षा कितीतरी लांब असतो. दरवर्षी नवं भोक जुन्यापासून बाजूला सरकवायचं ते याचसाठी. एका हंगामात एकाच झाडाला दोन जखमा म्हणजे पुढच्या वर्षांची जागा आजच खर्च करणं.

थांबण्यात धोका एवढाच, की ऊब आली की पहिले काही तास सैल तोट्यांभोवतीने रस वाया जाणार. मामांना तोच सलत होता. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, वाया जाईल तो रस आजचा नाही, बुधवार-गुरुवारचा आहे. तेव्हाचं तेव्हा बघू ना." मामा काही बोलले नाहीत. हातोडी मात्र त्यांनी खिळ्याला परत अडकवली.

काय केलं

बुधवारपर्यंत झाडांना हात लावला नाही. मात्र बाकीची कामं झाली, आणि ती आधीच व्हायला हवी होती. बादल्या उतरवून बर्फ फेकला. हा बर्फ फेकायला मामांचा जीव होईना. पण साखरेचं पाणी गोठताना आधी पाणी गोठतं आणि साखर उरलेल्या द्रवात राहते, म्हणून अर्धवट गोठलेल्या बादलीतला बर्फ फेकून खालचा रस ठेवणं ही इथली जुनी युक्ती आहे. इथल्या मूळ रहिवाशांनाही ती माहीत होती. आमच्या बादल्या तळापर्यंत गोठल्या होत्या, त्यामुळे युक्ती तितकीशी चालली नाही, थोडी साखर बर्फाबरोबर गेलीच.

त्या ताठ ओळीचं एक टोक सोडून सैल केलं. छोट्या नळ्या सगळ्या बदलून ८५-९० सेंटीमीटरच्या लावल्या. नवीन बिट आणलं. पडलेल्या तोट्या फेकून नव्या घेतल्या. तोटी तशी स्वस्तच असते, आणि मातीत पडलेली तोटी धुऊन परत लावणं म्हणजे जिवाणूंना आमंत्रण.

गुरुवारी पारा वर चढला. लाकडातला बर्फ सुटला की नाही हे कसं ओळखायचं, यावर आजोबांनी साधी खूण सांगितली होती: त्याच बाजूला ऊन खाणाऱ्या शेजारच्या झाडाची न हललेली तोटी ठिबकायला लागली की समजायचं. दक्षिणेकडची झाडं दुपारी बारालाच ठिबकली. सावलीतल्या झाडांनी शुक्रवार सकाळ घेतली. त्या क्रमानेच आम्ही फिरलो, लहानशी प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी घेऊन. दोन हलके ठोके, आवाज बदलला की थांबायचं. या वेळी ठोकायचं काम भाच्याकडे होतं.

न ठोकलेल्या १८ पैकी १६ नीट बसल्या. दोन भोकं इतकी लांबट होती की तोटी धरेनाच. आधी ठोकलेल्या १३ पैकी ५ ठीक निघाल्या. ८ ठिकाणी भेग होती आणि तोटीच्या भोवतीने रस सालीवरून ओघळत होता.

म्हणजे १० झाडांचा प्रश्न उरला. तिसरा निर्णय इथला. खोडाची जाडी ४५ सेंटीमीटरच्या वर असलेल्या झाडाला दोन तोट्या चालतात असा साधारण दंडक आहे. दहातली चार झाडं त्यात बसत होती. त्यांना भेगेपासून दूर, खोडाच्या दुसऱ्या बाजूला नवं भोक पाडलं. उरलेल्या सहांच्या तोट्या काढून घेतल्या आणि भोकं उघडी सोडली. त्यात बूच किंवा मेण भरायचं नसतं, झाड आपलं आपण बंद करतं. ११८ च्या ११२ झाल्या.

निष्पत्ती

हंगामाअखेर ८१ लिटर पाक झाला. एका तोटीमागे वर्षाला सुमारे एक लिटर ही इथली सर्वसाधारण अपेक्षा, म्हणजे आम्ही बरेच कमी पडलो. पण यातला किती तोटा सुटलेल्या तोट्यांमुळे, किती एप्रिलच्या आरंभी भोकं मंदावल्यामुळे आणि किती त्या वर्षीच्या हवेमुळे, हे वेगळं काढता येत नाही. आजोबांच्या तोट्या मामांच्या नंतर आठवडाभर चालल्या. पण त्यांची राई उत्तरेकडे तोंड करून आहे, तिथे थंडी तशीही उशिरापर्यंत टिकते.

मामा अजून हाच आकडा पुढे करतात: ८१ पैकी २४ लिटर त्या पहिल्या चार दिवसांतले. लवकर लावल्या नसत्या तर तेही गेले असते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

खरं नुकसान पाकात दिसलं नाही, सालीवर दिसलं. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही सगळी झाडं पुन्हा पाहिली. साध्या भोकांना कडेने नवं लाकूड येऊन बहुतेक बंद झाली होती. आठ भेगांपैकी सहा अजून उघड्या होत्या, आणि दोन ठिकाणी भेगेच्या बाजूची साल मरून सुटत होती. एक पट्टा वीतभर लांब. त्या झाडांना पुढची दोन वर्षं तोटी लावायची नाही असं ठरलं.

पुन्हा करायचं झालं तर

लवकर लावायच्या की नाही यावर मी अजून तळ्यात-मळ्यात आहे. पण रविवारच्या संध्याकाळी थांबायला हवं होतं, यावर चौघांचंही एकमत आहे. तीस तोट्या सोमवारी लागल्या असत्या तर त्यांचा एक दिवसाचा रस गेला असता. पाकाच्या हिशोबात दीड-दोन लिटर. हललेल्या ३१ पैकी १९ त्या अंधारातल्या होत्या.

बिटाचं दुखणं तर सगळ्यांत स्वस्तात टळणारं होतं. भोक पाडताना निघणारा भुसा पाहायची सवय आता भाच्याला लागली आहे. पांढरट, लांबट वेटोळी आली तर लाकूड जिवंत आणि बिट धारदार. पिठासारखा भुसा आला तर बिट गेलं. तपकिरी आला तर आत मेलेलं लाकूड आहे, तिथे तोटी लावण्यात अर्थ नाही.

नळ्या ऊब असताना ताणून बांधल्या की कडाक्यात त्या ओढणारच. म्हणून फेब्रुवारीच्या एखाद्या भर थंडीच्या सकाळी, तोट्या लावण्याआधी, ओळीवरून एकदा फिरून यावं. ती फेरी आम्ही मारली असती तर ती तंबोऱ्याची तार तेव्हाच वाजली असती. थंडीची लाट येणार असेल तर आदल्या संध्याकाळी बादल्या रिकाम्या करायच्या, टाकीत जागा नसेल तर रस जमिनीवर ओतून. हे मामांना आजही पटत नाही. गुऱ्हाळातल्या माणसाला रस ओतून द्यायला सांगणं अवघडच आहे.

माझ्यापुरतं म्हणाल तर दुसऱ्या ठोक्यालाच आवाजाबद्दल बोलायला हवं होतं. तो मलाही ऐकू येत होता. मामा वयाने मोठे, घर त्यांचं, झाडं त्यांची, म्हणून गप्प राहिलो. भाचा वयाने लहान असून बोलला.

पुढच्या वर्षी मामांनी पुन्हा फेब्रुवारीतच तोट्या लावल्या, १०४. शनिवारी दुपारी तीनला ड्रिल बंद, उरलेल्या दुसऱ्या दिवशी उन्हात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात उणे १९ झालं तेव्हा ९ तोट्या सरकल्या, पडली एकही नाही. भाच्याने फोनवर आकडा सांगितला आणि मामांनी विचारलं, "हात लावलास का?"

"नाही मामा. रविवारी दुपारी ठिबकायला लागल्यावर लावीन."